डेहनकर काका आणि हिवाळी अधिवेशन

आयर्लंडच्या संसदेच्या फाटकासमोर उभं राहून डेहनकर काकांनी तिथल्या पोलिसाला पहिला प्रश्न विचारला, तो असा : "सर, व्हेअर इट लीक्स?"

पोलिसाला इथे गार्डा म्हणतात. त्या गार्डाने माझ्याकडे पाहिलं. मी इमारतीकडे पाहिलं. शेवटी "ही इज ॲन इंजिनियर," असं सांगून मोकळी झाले.

"इट्स ग्रँड," गार्डा म्हणाला. इथे छत्री उलटी झाली काय नि पाय मोडला काय, सगळं ग्रँडच असतं. काकांचं काही समाधान झालं नाही. "गळतच नाही म्हणून राहिला," ते मला म्हणाले. "याला काहून माहीत असेल? हा फाटकावरचा माणूस. वर चढलेल्याला विचारलं पाह्यजे."

डेहनकर काका म्हणजे माझ्या ऑफिसातल्या निखिलचे वडील. निखिल आणि मी ग्रँड कॅनाल डॉकजवळ एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. तो तिसऱ्या मजल्यावर, मी पाचव्या. काका २०२०च्या फेब्रुवारीत नातीच्या बारशाला आले. दोन महिन्यांनी परत जायचे होते. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि काका अडकले. काकू नागपुरातच होत्या. त्यांची तब्येत प्रवासाची नाही, धाकटी बहीण सोबतीला आहे, एवढंच निखिल म्हणाला होता, आणि मीही जास्त चौकशी केली नाही. आम्ही पुण्याचे लोक नको तिथे चौकशी करतो आणि हवी तिथे सभ्य होतो.

घरापासून दोन किलोमीटरच्या आत फिरायची परवानगी होती. निखिलच्या मीटिंगा सकाळी आठला सुरू व्हायच्या, माझ्या अकराला, म्हणून काकांना फिरवायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी त्यांना कालव्याकाठची बदकं दाखवली. काकांनी बदकांकडे पाहिलं, कालव्याच्या दगडी बांधकामाकडे जरा जास्त पाहिलं आणि विचारलं, "इथलं विधानभवन कुठे आहे?"

काका सार्वजनिक बांधकाम विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झाले. नोकरीची बरीचशी वर्षं त्यांच्याकडे एकच काम असे. डिसेंबरात सगळं सरकार मुंबईहून नागपूरला हिवाळी अधिवेशनाला येतं, त्याआधी विधानभवन सजवून ठेवायचं. रंग, गालिचे, दिवे, नळ, मंडप, कबुतरं. सभागृहातल्या प्रत्येक खुर्चीवर काका स्वतः बसून बघत. "मी सत्ताधारी बाकावर बसलो, विरोधी बाकावर बसलो, मंत्र्यांच्या जागी बसलो," ते सांगत. "एवढे पक्ष कोणीच नाही बदलवले." निवृत्तीनंतरही दर नोव्हेंबरात नवे साहेब त्यांना फोन करून बोलावतात, असा त्यांचा दावा होता. निखिलच्या मते साहेब बोलावत नाहीत, बाबाच जाऊन उभे राहतात.

लेन्स्टर हाउस, म्हणजे इथलं संसद भवन, घरापासून दोन किलोमीटरच्या आत आहे, याबद्दल मी आयरिश सरकारची आभारी आहे आणि नाहीही. कारण त्या दिवसापासून आम्ही रोज तिथेच गेलो. बरोबर साडेनऊला काका फाटकाशी हजर. खिशातून छोटी डायरी काढायची आणि निरीक्षण नोंदवायचं. "वरच्या ओळीत खिडक्या अकरा. खांब चार, पण अर्धे भिंतीत. शोभेचे आहेत. वजन काही घेत नाहीत." मग माझ्याकडे वळून, "आपल्याकडेही असे बरेच असतात. मी नावं नाही घेत."

मीही मग वाचून ठेवू लागले. कामाने मी सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्याच्या बांधकामातल्या फटी शोधणं हाच माझा धंदा, त्यामुळे आमचं जमलं. एका सरदाराने पावणेतीनशे वर्षांपूर्वी राहायला बांधलेलं हे घर, हे मी सांगितलं. अमेरिकेच्या अध्यक्षांचा पांढरा वाडा बांधणारा माणूस इथलाच आणि त्याने नमुना म्हणून हेच घर डोळ्यांसमोर ठेवलं असं म्हणतात, हेही सांगितलं. काका खूश. "म्हणजे अमेरिकेनं नकाशा इथून उतरवला! अन् आम्ही जरा कुठला उतरवला की ऑडिट!" आणि नवं राज्य झालं तेव्हा संसदेला ही जागा तात्पुरती म्हणून घेतली होती, हे ऐकल्यावर तर ते रस्त्यातच थांबले.

"तात्पुरती?"

"हो. तेव्हापासून तिथेच आहेत."

"शंभर वर्षं होऊन राहिली बाप्पा! खात्यात मी हेच सांगत होतो. कायमचं काम मंजूर होईस्तोवर तात्पुरतंच टिकते."

एकदा मी त्यांना कॉलेज ग्रीनची जुनी संसद दाखवायला नेलं. तिथे आता बँक आहे. तिथल्या संसदेने स्वतःलाच बरखास्त करण्याचा ठराव केला, सत्ता लंडनला गेली, आणि इमारत विकताना अट अशी घातली म्हणे की आत पुन्हा कधी सभा भरू नये अशी मोडतोड करा. काकांनी डायरी काढलीच नाही. "सभागृह तोडलं," एवढंच म्हणाले. परत निघताना म्हणाले, "आमच्या नागपूरचीही राजधानी गेली. पण निदान वर्षातून एकदा लोक येतात. बिल्डिंगलाही वाटलं पाह्यजे ना, कोणी येणार आहे म्हणून."

पाहणी झाली की आम्ही मेरियन चौकातल्या बागेत बसायचो. दोन मीटर अंतराचा नियम, म्हणून काका एका बाकावर, मी पलीकडच्या. दहा वाजता ते काकूंना फोन लावायचे. भारतात दुपार. डायरी मांडीवर उघडी, हलक्या आवाजात पाच-सात मिनिटं बोलणं. मी कानात गाणी घालून बसायची. नवराबायकोचं बोलणं ऐकू नये, एवढी सभ्यता माझ्यात होती. बायकोशीसुद्धा माणूस डायरीत बघून बोलतो, याचं हसू मात्र यायचं.

जूनमध्ये गार्डाने सांगितलं की खासदार आता इथे बसतच नाहीत. अंतर ठेवता यावं म्हणून अधिवेशन नदीपलीकडच्या मोठ्या सभागृहात भरतं. ती काचेची, एका बाजूला कललेली इमारत काकांनी लांबूनच पाहिली आणि नापास केली. "ओळंबा लावला नाही," म्हणाले. पण रिकामं लेन्स्टर हाउस सोडून ते कुठे गेले नाहीत.

काकांचं एकच चाललं होतं : डिसेंबरच्या आत नागपूर गाठायचं. निखिलने दोनदा तिकीट काढलं, दोनदा विमान रद्द झालं. मग डॉक्टर म्हणाले, हृदयात स्टेंट आहे, साखर आहे, एवढ्यात प्रवास नको. बापलेकांची रोज वादावादी. "बाबा, ते अधिवेशन तुमच्यावाचून अडलेलं नाही," निखिल ओरडायचा. "अडलं आहे," काका म्हणायचे आणि बूट घालायचे.

नोव्हेंबरात एका सकाळी मी मोबाइलवर बातमी वाचली : कोरोनामुळे यंदा हिवाळी अधिवेशन नागपूरला नाही, मुंबईला होणार. मला आनंद झाला. वाद मिटला! बागेत बाकावर बसता बसता मी मोठ्या उत्साहाने काकांना सांगून टाकलं. "आता कशाची घाई नाही काका. निवांत जा उन्हाळ्यात."

काकांच्या हातातली डायरी खाली पडली.

"ती टीव्ही पाहते," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. काकूंना तीन वर्षांपासून विसर पडत चालला होता. मार्चमध्ये काकांनी फोनवर खरं ते सांगितलं, की मी आयर्लंडात अडकलो आहे. काकू रडल्या, मला टाकून गेलात म्हणाल्या. दहा मिनिटांनी विसरल्या. पुन्हा विचारलं, पुन्हा नव्याने रडल्या. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी काकांच्या तोंडून निघून गेलं, "अगं, अधिवेशनाची तयारी चालू आहे." काकू लगेच शांत झाल्या. वर्षानुवर्षं नवरा त्या कामापायी घराबाहेर असायचा आणि काम संपलं की घरी यायचा. हे त्या विसरल्या नव्हत्या. बेचाळीस डिग्रीच्या एप्रिलमध्ये त्यांनी विचारलं, "स्वेटर नेला ना?"

"पण काम काय झालं ते ती विचारते," काका म्हणाले. "एकच गोष्ट दोनदा सांगितली तर पकडते. बाकी सगळं विसरते, हे नाही विसरत. मग रोज नवीन काय सांगू? म्हणून जाऊन पाहतो. खिडक्या मोजतो. तिला सांगतो, आज अकरा खिडक्या पुसल्या."

आठ महिने मी या माणसाला हसत होते. निखिलला तरी हे माहीत आहे का, विचारलं. "नाही. तो म्हणेल, आईशी खोटं बोलता."

काका नागपूरला पोचले ते पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये. काकू त्याआधीच, एप्रिलच्या कोरोनाच्या लाटेत गेल्या. मी त्यांना कधी पाहिलं नाही. आवाज मात्र ऐकला, बातमी सांगितली त्या एकाच दिवशी, कारण काकांनी दोनदा चुकीचा नंबर लावला, म्हणून दहा वाजता फोन मी लावून दिला आणि स्पीकर चालू करून त्यांच्याच बाकावर बसले.

"अहो," काकू म्हणाल्या. आवाज अगदी स्वच्छ होता. "अधिवेशन तर मुंबईला गेलं म्हणून सांगून राहिले. मग तुम्ही कुठे आहात?"

काकांनी खाली पडलेली डायरी उचलली. पान उलटलं. पुढची पानं कोरी होती.

"इथेच आहे, मंदा," ते म्हणाले. "यंदा कोणी आलं नाही. बिल्डिंग रिकामी आहे. म्हणून थांबलो."

आता त्या रडतील, या भीतीने मी काकांचा हात धरला.

"बरं केलं," काकू म्हणाल्या. "रिकाम्या घरात लई भेव वाटते हो. तुम्ही त्या बिल्डिंगपाशीच राहा."