गल्लीचे कंडक्टर

आमच्या वालूरच्या गल्लीत कोणी घराबाहेर पाऊल टाकलं, की आधी 'टिक टिक' ऐकू येतं आणि मग प्रश्न, "कुठून कुठं?" हे लिंबाजी मास्तर. एसटीची कंडक्टरकी सुटून वर्षं झाली, पण तिकिटाला भोक पाडायचा चिमटा हातातून सुटलेला नाही. नळाला बायका दाटल्या, की ओट्यावरून आवाज येतो, "पुढं सरका, पुढं लय जागा हाय!" पंगतीत वाढपी रेंगाळला, की चिमटा खांबावर दोनदा आपटतात. ही डबल बेल, म्हणजे गाडी सोडा. एका लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हाही त्यांनी बेल दिली होती, आणि म्हणणारा दचकून थेट शेवटच्या ओळीवर गेला होता.

मला ते नावानं हाक मारत नाहीत. "काय लगेज, बरं हाय का?" म्हणतात. डोक्यावर भांड्यांचं गाठोडं घेऊन मी गावोगाव फिरायचो, तेव्हा जिंतूरच्या गाडीत लगेजच्या तिकिटावरून त्यांच्याशी घासाघीस केली होती. माझ्यापुढं आजवर प्रत्येक जण थोडा तरी खाली आला आहे. मास्तर आले नाहीत. फाट्यावर भर उन्हात गाठोडं खाली आलं, आणि पाठोपाठ मी. आज माझं भांड्यांचं दुकान आहे, वर माडी आहे. पण तो फाटा मी विसरलेलो नाही.

कोरोनाची दुसरी लाट ओसरली आणि शाळेत डॉक्टरांचं पथक येणार असं कळलं. किती पोरांना नकळत कोरोना होऊन गेला, ते रक्त तपासून बघायचं होतं. पोरं उचलून नेतात अशी आवई उठली आणि गल्लीनं दारं लावली. मीही लावलं. माझा बाळू लाटभर माडीवरून उतरला नव्हता. त्याचं रक्त कशाला?

मास्तर मात्र चिमटा वाजवत घरोघर फिरू लागले. "सगळे चढल्याबिगर गाडी हालणार न्हाई!" एकानं अंगावर कुत्रं सोडलं. कुत्र्यालाही "कुठून कुठं?" विचारून मास्तर पुढच्या दारात.

दुकानात आले तेव्हा मी भडकलो. "ओ मास्तर, ही काय तुमची गाडी हाय का? लोकाच्या लेकरांच्या मागं का लागलात?"

मास्तरांनी चिमटा गल्ल्यावर ठेवला. तो हातातून खाली ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला.

"आमची सोनी माझ्यापाशी जेवत न्हाई," ते म्हणाले.

सोनी त्यांची नात. त्याच लाटेत मास्तरांची बायको गेली होती. दहाव्याला आलेली एक पाहुणी पोरीच्या तोंडावर म्हणाली, "गल्लीत खेळून हिनंच घरात आणला." तेव्हापासून सोनी ताट उचलून न्हाणीपाशी बसायची. आता आजोबाला आपल्यापासून काही व्हायला नको म्हणून.

"लय समजावलं. आयकत न्हाई. एकटीचं तपासलं अन् निघालं, तर मनात पक्कंच बसंल तिच्या. समद्यांचं तपासू द्या. गाडी भरून पाशिंजर असताना एकाच लेकराच्या डोक्यावर लगेज कशापायी?"

मी धंद्याचा माणूस. संधी सोडली नाही. "बाळूला आणतो. पण फाट्यावर माझं गाठोडं उतरवलं, ते चुकलं म्हणा."

"चुकलं न्हाई," मास्तर चिमटा उचलत म्हणाले. "लगेज म्हंजे लगेज."

मला इतका संताप आला, की दुसऱ्या दिवशी बाळूला घेऊन सगळ्यांच्या आधी शाळेत जाऊन बसलो. नुसता बसलो नाही. शाळेच्या वाटेवर दिसेल त्या बापाला धरून गळ घातली. एरवी फुटका माठ विकायचा म्हटला तरी मी विकतो. ही तर सुई होती. गल्लीतलं एक पोर सुटलं नाही.

काही दिवसांनी निकाल घेऊन डॉक्टरीणबाई शाळेत आल्या. बहुतेक पोरांना होऊन गेला होता, कित्येकांना साधी शिंकही न येता. आमच्या बाळूलासुद्धा!

"माडीवरच्या पोराला कुठून लागला?" मी आवाज चढवला.

"तुम्ही दुकानातून वर जेवायला जात होतात ना?" बाई म्हणाल्या.  

मास्तरांनी सोनीला पुढं घेतलं. "बाई, जरा मोठ्यानं सांगा. कुणी कुणाला दिला, ते रक्तावरून कळतंय का?"

"नाही, आजोबा. लहानथोर सगळ्यांमधून फिरत होता तो. अमक्यानंच आणला, असं कुणालाच म्हणता येणार नाही." मास्तरांनी त्यांना आधीच सगळं सांगितलं असणार. मग सोनीकडं वाकून म्हणाल्या, "आणि तो आजार आता तुझ्यात नाही. आजोबांजवळ खुशाल बस."

सोनी बाळूकडं आणि बाकीच्या पोरांकडं नुसती बघत राहिली.

माझ्या माडीवरून मास्तरांचं अंगण दिसतं. मी बघत नाही, ते दिसतं. त्या संध्याकाळी मास्तर ताटावर बसले होते आणि सोनी न्हाणीपाशी. मास्तरांनी चिमटा वाजवला नाही. शेजारची फरशी हातानं झाडली आणि हळू म्हणाले, "पुढं सरका. पुढं लय जागा हाय."

पोरगी जागची हलेना. मग ताट घेऊन उठली आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून बसली. मास्तर घास हातात धरून नुसतेच बसून राहिले.

सोनीनं बाजूला पडलेला चिमटा उचलला आणि फरशीवर दोनदा आपटला.

मास्तरांनी घास तोंडात घातला.