बरणीत उरलेली अळी

भुसावळच्या अलीकडच्या एका गावात अभिमन सरांच्या परसातल्या तीन केळींच्या पानांच्या बेचक्यांत पावसाचे पाणी साचले असून ही बाब नगरपरिषदेच्या निदर्शनास आली होती. पाणी एकेका बेचक्यात चार चमचे. नोटिशीत त्याला ‘जलसाठा’ म्हटले होते. जलसाठ्यास घट्ट झाकण बसवावे व आठवड्यातून एकदा तो उपडा करून कोरडा करावा, अन्यथा केळी तोडण्यात येतील.

नोटीस घेऊन आली होती दिपमाला. प्राणिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक असलेल्या सरांची ही जुनी विद्यार्थिनी आता घरोघरी डासांच्या अळ्या शोधणारी कंत्राटी कर्मचारी होती.

“केळ उपडी कशी करायची गं?”

“माले काय माहीत, सर? छापील फारमवर ड्रम, टाकी आनि कूलर इतलंच शे. केळ मी ड्रममा धरी.”

निवृत्तीनंतर सरांना कोणी काही विचारले नव्हते. त्यांनी लगेच तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवले.

“हे एकपेशीय जीव. यांना हे चाकासारखे तोंड फिरवणारे खातात. त्यांना डासाच्या बारक्या अळ्या खातात आणि त्या अळ्यांना ही मोठी, तपकिरी. हीसुद्धा डासाचीच, पण पुढे कोणाला चावत नाही, फुलांचा रस पिते. तुमच्याच खात्याची समज!”

“फारमवर ‘अळी आढळली’ इतलंच शे, सर. कोनती, ते कोनी इचारत नही.”

केळी तोडू नयेत म्हणून सरांनी अकरा पानी अर्ज केला. उत्तर आले : सदर अळ्यांना समक्ष हजर करावे.

लोणच्याच्या बरणीत सात तपकिरी अळ्या घेऊन सर कार्यालयात गेले. आरोग्य खात्याचे साहेब बैठकीत होते. दुसऱ्या दिवशीही होते. तिसऱ्या दिवशी बोलावणे आले तेव्हा बरणीत एकच अळी होती, चांगली गुबगुबीत.

“अर्जात सात आहेत. बाकीच्या सहा?”

“हिने खाल्ल्या, साहेब.”

“आपल्याच?”

“खायला दुसरं काही राहिलं नाही की खाते.”

साहेबांनी बरणी उजेडाकडे धरली. कोणत्याही कर्मचाऱ्याकडे त्यांनी इतक्या आदराने कधी पाहिले नव्हते. केळींना तिथल्या तिथे अभय मिळाले, वर सरांना शाल-नारळ. शास्त्राचा विजय झाला, असे सरांनी चौकात तिघांना थांबवून सांगितले.

आठवड्याने परिपत्रक निघाले. तपकिरी अळी विनावेतन व विनारजा काम करीत असल्याने सात कंत्राटी कर्मचाऱ्यांपैकी एकच कायम ठेवण्यात येईल. कोण, हे ठरवण्यासाठी प्रत्येकाने उर्वरित सहा जणांविषयी तीन दिवसांत लेखी अभिप्राय द्यावा.

दिपमाला रडतच आली. “बाप लकव्यानं पडेल शे, सर. नोकरी गयी तं आम्ही काय खावानं?”

या सगळ्याचे मूळ आपला अकरा पानी अर्ज आहे, हे सरांना स्वच्छ दिसत होते. अशा वेळी साहेबांकडे जाऊन भांडावे की काय, असा विचार त्यांनी चहा होईपर्यंत केला. मग पेन काढले. या प्रकारच्या लेखनाचा त्यांना अनुभव होता. पाच जणांतून ते विभागप्रमुख झाले होते, ते काही केवळ अळ्यांच्या अभ्यासावर नव्हे.

त्यांनी दिपमालाच्या नावाने सहाही अभिप्राय एकाच बैठकीत लिहिले. तिला विचारून एकाच्या चहाच्या वेळा नोंदवल्या, एकीची बाळंतपणाची रजा. भाषा इतकी सभ्य, की वाचणाऱ्याला त्या सहा जणांची काळजीच वाटावी. लिहिता लिहिता हात मोकळा झाला आणि सरांना बऱ्याच दिवसांनी तरुण वाटले.

दिपमाला कायम राहिली. पेढे घेऊन पाया पडायला आली.

“बाकीचे सहा काय करतात गं?” सरांनी विचारले.

“माले कसाले इचारतस, सर? तुम्हीच तं लिखेल शे.”

सरांना लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. तरी पेढा ताज्या खव्याचा होता, म्हणून त्यांनी दुसराही घेतला.

बरणी अजून सरांच्या खिडकीत आहे. अळी स्वस्थ आहे, तिच्याविषयी कोणाची तक्रार नाही. ही गोष्ट नगरपरिषदेची आहे असे समजून ज्यांना हसू आले, त्यांनी आज आपण बसलो आहोत त्या खुर्चीवर आधी कोण बसायचे, एवढे फक्त आठवून पाहावे.