घाट चढलेला समुद्र

आमच्या रत्नागिरीच्या कारखान्यातून गेलेली होडी आजवर एकदाही परत आलेली नाही. परत म्हणजे गिऱ्हाइकाने आणून टाकलेली नाही. बुडाली असा अर्थ काढणारे शेजारी आमच्या आळीत आहेत, तुम्ही त्यांतले नसाल असं धरून पुढे सांगते.

चौतीस सालच्या वैशाखात माझ्या आत्मारामने एका संस्थानिकासाठी मोटारलाँच बांधली. अठ्ठावीस फूट लांब, अस्सल साग, इंजिन मुंबईचं. संस्थान घाटावर, कोल्हापूरच्याही पुढे दोन दिवस. नाव सांगत नाही, का ते शेवटी कळेल. तिथे समुद्र नाही, खाडी नाही. एक तलाव आहे आणि तलावाच्या मधोमध बेटावर देवी आहे. सरकारांना लाँचीतून देवीला जायचं होतं. बोली अशी, की पहिल्या फेरीत लाँच पसंत पडली तर आणखी दोन आत्मारामनेच बांधायच्या. नाही पडली, तर ही त्याच रस्त्याने परत.

परत हा शब्द ऐकला आणि मी म्हटलं, "मी येते बरोबर."

"तू काय करणार आये?" आत्मारामने विचारलं.

"तू पाळण्यात होतास तेव्हापासून जे करते तेच. पाणी घालणार."

लाकडाची होडी पाण्याबाहेर राहिली की सुकते. फळ्या आकसतात, फटी उघडतात, आणि मग पाण्यात सोडली की चाळणी. त्यात घाटावरचा वैशाखातला वारा म्हणजे भडभुंज्याची भट्टी. म्हणून वाटभर तिच्या तळात घोटाभर पाणी ठेवायचं आणि बाहेरून ओली गोणपाटं. हे काम पुरुषांवर सोपवलं तर ते विडी पेटवतात आणि तेवढ्यात होडी वाळते.

लॉरी राजिवड्याच्या फारुकची. अर्धी लाँच लॉरीवर, अर्धी मागे जोडलेल्या दोन चाकांच्या गाड्यावर. निघायच्या दिवशी फारुकने एक गाठोडं हळूच लाँचीत ठेवलं.

"काय रे ते?"

"सुके बांगडे, काकी. कोल्हापूरला माझी बहीण असते ना, कुलसुम, तिला."

"उतरव खाली. राजाची लाँच आहे ती. माशांचा वास लागला तर काय म्हणतील?"

सगळी आळी बघायला जमली होती, म्हणून मी आवाज जरा चढाच लावला. फारुकने गाठोडं मुकाट उतरवलं.

आता जे त्या दिवशी कुणालाच सांगितलं नाही ते सांगते. लाँचीत मासे आधीच होते. माझे होते.

माझी मालन त्याच संस्थानात दिलेली. जावई तिथल्या शाळेत मास्तर. पोरीला पाचवा महिना, आणि पत्रात लिहिते, आये, बोंबलाचं कालवण स्वप्नात येतं. हे वाचून कोणती आई मोकळ्या हाताने जाईल? हर्ण्याहून मुद्दाम सुके बोंबील मागवले, दोन गोण्या. पुढे ठेवायचे नाहीत, कारण होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, आम्ही नारळ वाढवतो, कुंकू लावतो, तिथे मासे कसे ठेवणार? म्हणून मागच्या बाजूला, तळाच्या फळीखाली, उंचशा जागी सारले. दुसऱ्या दिवशी आत्मारामने प्रवासासाठी म्हणून त्याच फळ्या पितळी स्क्रूंनी पक्क्या आवळल्या. मी म्हटलं, तिथे पोचल्यावर बघू.

पाली मागे गेली आणि आंबा घाट लागला. लॉरी कण्हत चढत होती, लाँचीचं तोंड आभाळाकडे. मी फारुकशेजारी बसून काजूच्या झाडांकडे बघत होते, तेवढ्यात मागे लाँचीत डुबुक असा आवाज झाला.

चढावर पाणी मागे जातं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तीस वर्षं होड्यांत गेली माझी. पण त्या क्षणापर्यंत ते मला सुचलं नव्हतं एवढं खरं.

घाटमाथ्यावर पहिला नाका. कारकुनाने लाँचीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि जकातीचं पुस्तक उघडलं. गूळ होता, तंबाखू होती, हत्तीसुद्धा होता. होडी नव्हती.

"आत काय आहे?" त्याने विचारलं.

"पाणी," मी म्हटलं.

"आमच्या गावात होडी पाण्यात असते."

"आमच्याही. पण आत्ता ती रस्त्यात आहे, म्हणून पाणी तिच्यात."

त्याने थोडा विचार केला आणि पाण्यावर जकात नाही असं ठरवून आम्हाला सोडलं.

पुढे गावोगाव लोक गोळा व्हायचे. एका म्हातारीने हळदकुंकू आणलं आणि विचारलं, "कंच्या देवाचा रथ गं बाई?" मी म्हटलं, रथ नाही, ही पाण्यात चालते. ती खाली वाकून पाय शोधायला लागली. एक म्हातारबुवा लाँचीला हात लावून कितीतरी वेळ उभे होते. शेवटी म्हणाले, "बाई, समुद्राला पल्याडचा काठ दिसतच न्हाई म्हणं. मग माणसं निघत्यात तरी कशाच्या भरवशावर?" इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, होडीच्या. बुवांनी मान हलवली, पण त्यांना पटलं नसावं. मलाही पुरतं पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वास सुटला.

"उंदीर मेला असेल," आत्माराम म्हणाला. "फळ्या उघडून बघतो."

"पहिल्या फेरीचा मुहूर्त चुकेल. चल पुढे."

"काकी," फारुक रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, "ह्यो वास माझ्या ओळखीचा हाय."

"तू गाडी चालव."

पाणी ओतायचं थांबवलं तर वास कमी झाला असता, पण फटी उघडल्या असत्या आणि लाँच परत आली असती. मी ओतत राहिले. घागरीमागून घागर. वास असा वाढला की दुसऱ्या नाक्यावर कारकुनाने शिक्का काठीला बांधून लांबून उठवला. तिसऱ्या नाक्यावर तर आडवा बांबू आम्ही दिसायच्या आधीच वर झाला होता, वारा आमच्या पाठीकडून होता म्हणून. आणि मांजरं! ज्यांच्या सात पिढ्यांनी बोंबील पाहिला नाही अशी घाटावरची मांजरं शेपट्या उभारून लॉरीमागे चालायला लागली. संस्थानच्या वेशीत शिरलो तेव्हा मी एकवीस मोजली. वरातीत माणसं इतक्या निष्ठेने चालत नाहीत.

तलावाच्या काठी आत्मारामने तळाचं बूच काढलं. पाणी काळं वाहिलं, मग संपलं, आणि बुचाच्या भोकात बोंबलाचं एक शेपूट येऊन अडकलं. आत्मारामने ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी देवीच्या देवळाकडे बघून हात जोडले.

फळ्या उघडायला वेळच नव्हता. वाजंत्री वाजत होती. बूच ठोकलं, लाँच पाण्यात सोडली, आणि सरकार आलेच.

सरकार विशीतले, पोरसवदा, डोळे मोठे. समुद्र त्यांनी चित्रातच पाहिलेला. पाठोपाठ कारभारी, उपरण्याने नाक दाबलेले.

"कसला हो हा वास?" सरकारांनी विचारलं.

"आत काहीतरी मेलं आहे, सरकार," कारभारी म्हणाले. "माझं ऐकाल तर ही लाँच आत्ताच्या आत्ता पर..."

तो शब्द पुरा होऊ देते का मी?

"समुद्राचा वास आहे, सरकार," मी म्हटलं. "रत्नागिरीची लाँच आहे. समुद्र तिच्या लाकडात मुरलाय."

मागे फारुकला खोकला आला.

सरकार लाँचीत चढले, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. मग आणखी एक. आत्मारामच्या कपाळावरून घामाचे थेंब इंजिनावर पडत होते.

"असा असतो होय," सरकार हळूच म्हणाले. "चित्रात कळत नाही हे. कारभारी, उपरणं काढा. समुद्र आलाय आपल्याकडे."

कारभाऱ्यांनी उपरणं काढलं. त्यांचं तोंड मी जन्मात विसरणार नाही.

बेटापर्यंत गेलो, देवीला नारळ वाढवला, परत आलो. आत्माराम अख्खी वाट तळाच्या फळ्यांवर तळहात ठेवून बसला होता. थेंब नाही. माझ्या घागरी फुकट गेल्या नाहीत. सरकारांनी तिथल्या तिथे दोन लाँची सांगितल्या आणि आत्मारामला बजावलं, "वास मात्र हाच पाहिजे. धुवायचा नाही."

मालन काठावर उभी होती. तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. पोरीचा चेहरा उतरला.

"म्हणजे एकही नाही उरला, आये?"

तेवढ्यात फारुक आला, हातात गाठोडं. बांगडे, कोरडे ठणठणीत.

"तुला उतरवायला सांगितलं होतं ना मी?"

"लाँचीतून उतरवले की, काकी. सीटखाली ठेवले. अर्धे कुलसुमला कोल्हापुरात दिले, हे मालनचे." मग जरा थांबून म्हणाला, "राजाच्या लाँचीला माशांचा वास नको लागायला."

मी गाठोडं मुकाट मालनच्या हातात दिलं. आळीत कुणाला सांगू नका.

गोष्ट इथे संपली असती तर बरं होतं. पण परवा सरकार स्वतः रत्नागिरीला आले, खरा समुद्र बघायला. मांडवीच्या किनाऱ्यावर गाव लोटलं होतं. सरकार वाळूत उभे राहिले, डोळे मिटले, छाती भरून श्वास घेतला. मग पुन्हा घेतला. मग कपाळाला आठी घालून माझ्याकडे वळले.

"आजी, वास कुठाय? आमच्या तलावावर याहून जास्त समुद्र आहे."

कारभारी उपरण्याआड हसत होते. मी पायाने वाळू उकरायला लागले.

"सरकार," मागून फारुक म्हणाला, "भरती आली की येईल."

"मग थांबतो," सरकार म्हणाले, आणि खुर्ची मागवली.

भरती साडेपाचला होती. मी घरी गेले आणि माळ्यावरचे सगळे बोंबील भिजत घातले.