दामल्यांची ऊबदार फरशी

जर्मनीत र्युसेल्सहाइमला दामल्यांकडे जेवायला जाताना भोकाचे मोजे घातले तरी चालतं. कारण दारातच बुटांबरोबर मोजेही काढायला लावतात. "अनवाणी चला! तळपायाला कळू दे," म्हणत दामले आपल्याला हॉलभर फिरवतात. बाहेर बर्फ पडत असतो आणि आपण नव्या नवरीसारखी जपून पावलं टाकत असतो.

दामले आणि मी एकाच मोटार कंपनीत. माणूस इंजिनांतला, पण हल्ली तोंडात विषय एकच: एर्डव्हेर्मे, म्हणजे जमिनीतली ऊब. "आल्झो, म्हणजे असं बघा, हवा लहरी! जमीन खाली बारा महिने एकसारखी. पंपाला थोडी वीज पाजा, बाकीची ऊब जमीन पदरची घालते." मी भोळेपणाने विचारलं, "पण तुमची गॅसची हीटिंग चांगली चालत होती ना?" झालं! आमटी गार होईस्तोवर त्यांनी मला कॉम्प्रेसर समजावला.

"अहो, त्यांना जेवू तरी द्या," वहिनी म्हणाल्या. त्या बिचाऱ्या आधीच पिचलेल्या. फरशी उकरून खाली पाण्याच्या नळ्या घालत होते तेव्हा त्या बाथरूममध्ये कुकर लावत होत्या.

बागेत खोल भोक पाडायचं यंत्र आलं, तो दिवस तर गल्ली अजून विसरलेली नाही. नारळ वाढवल्याशिवाय दामले यंत्र सुरू करू देईनात. यंत्राला हळदकुंकू, हार. ते चालवणाऱ्या जर्मनाच्या कपाळाला गंध. शेजारच्या आजीबाईंनी कुंपणावरून हळूच विचारलं, "कोणी गेलं का हो?" तेवढ्यात चिखलाचा फवारा उडाला तो थेट त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर. मग माफी म्हणून दामल्यांनी त्यांना चहाला बोलावलं, आणि त्यांचेही मोजे काढायला लावले.

"एवढा खटाटोप कशासाठी?" मी एकदा वहिनींना विचारलं.

"सासूबाईंसाठी," त्या म्हणाल्या. आदल्या हिवाळ्यात दामल्यांच्या आई नाशिकहून आल्या होत्या. जेवण जमिनीवर मांडी घालून, पूजा अनवाणी. मोजे घालून देवापुढे बसायला काही केल्या तयार नाहीत. शेवटी पाय बधिर व्हायला लागले, तेव्हा "फरशी ऊबदार झाली की येते हो परत," असं सांगून लवकरच निघून गेल्या.

गेल्या रविवारी गेलो तर दामले देवापुढे उभं राहून आईशी फोनवर बोलत होते. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टरांनी सासूबाईंना विमानप्रवास कायमचा बंद केलाय. आम्हा दोघांना दिरांनी कळवलं, ते सासूबाईंना ठाऊक नाही. पण आता येणं होणार नाही, हे लेकाला सांगायचं त्यांच्या जिवावर येतंय."

तिकडे दामले मोठ्याने सांगत होते, "नाही गं आई, पंप कुठला बसतोय! हे जर्मन लोक म्हणजे महाआळशी. फरशी अजून बर्फासारखी गार आहे. तू मुळीच घाई करू नकोस."

फोन ठेवला तरी ते तिथेच उभे होते, अनवाणी. मला मोजे काढा म्हणाले नाहीत. मी आपण होऊन मोजे काढले आणि त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.