न झालेल्या लग्नाची दोरी

पोशेऱ्याच्या जिवाने दसऱ्याच्या शर्यतीत धावायचे ठरवले, तेव्हा त्याची बायको जिजा नाचणी पाखडत होती. तिने सूप खाली ठेवले नाही. जिवाने ठरवलेली एकही गोष्ट आजवर चार दिवसांपुढे टिकली नव्हती. अर्धे कुंपण आणि तीन पायांची खाट याची साक्ष द्यायला समोरच होती.

या वेळी मात्र प्रकरण गमतीचे नव्हते. मोखाड्याहून जव्हारला जो पहिला पोचेल, त्याला मानाचे पागोटे, संस्थानच्या टपालाची थैली आणि टपाल्याची घुंगरांची काठी मिळणार होती. बारमाही नोकरी. ती हुकली तर भातकापणीनंतर दोघांना मजुरीसाठी खाली समुद्राकडे उतरावे लागणार होते, आणि जिजाला तिकडची हवा मानवत नसे.

म्हणून जिवाने दारच्या खांबाला दोरी टांगली. रोज पहाटे घाटातल्या ऐनाच्या झाडापर्यंत धावायचे, झाडाला हात लावायचा, परत यायचे आणि दोरीला एक गाठ मारायची. गाठ नाही तर भाकरी नाही, असे जिजाने वरून जोडले.

दोरी छान भरत चालली आणि तेवढ्यात पाय मुरगळलेला सासरा, देवराम, लेकीकडे आरामाला आला. त्या डोंगरात लग्नाचे आमंत्रण गाठींच्या दोरीने येई. दोरी दारी टांगायची, रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की लग्नाला निघायचे. देवरामने पाहिले, दोरी गाठींनी भरलेली आणि सोडणारा कोणी नाही. लेकीच्या घरच्या या ढिलाईची त्याला लाज वाटली. लग्न कुणाचे हे त्याने विचारले नाही, कारण विचारणे म्हणजे जेवण मागितल्यासारखे. जावई धावायला आणि लेक पाण्याला गेली, की तो गुपचूप एक गाठ सोडू लागला.

जिवा परत येऊन गाठ मारी आणि बघे, तर दोरी कालच्याएवढीच.

"काल मी धावलो का गं?" त्याने जिजाला विचारले.

"मला काय ठावं? मी पाण्याला गेलेली."

स्वतःचा स्वभाव ठाऊक असल्याने जिवाला उत्तर पटले. तो संध्याकाळीही धावू लागला. गाठी वाढलेल्या पाहून देवरामला वाटले, मुलीकडचे तारीख पुढे ढकलतायत. त्याने रागाने दोन-दोन सोडल्या. जिवा दुपारीही धावू लागला. साखरशेतला आजारी मावशीला बघायला गेला, तर तिच्या दाराच्या खांबाला हात लावून तसाच परत आला. मावशी अजून रुसलेली आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी जिवा मोखाड्याला मुक्कामाला गेला. दसऱ्याच्या सकाळी देवरामचा धीर सुटला. आज लोक मोकळे आहेत, आज नाही तर कधी, म्हणून त्याने उरलेल्या सगळ्या गाठी सोडल्या, धुतलेले धोतर नेसला आणि पाड्यात निरोप धाडला. दुपारपर्यंत ढोलवाल्यासकट सगळे अंगणात येऊन बसले. लगीन कोनाचा, म्हणून जो तो दुसऱ्याला विचारत होता. जिजाने कपाळावर हात मारला.

तिकडे जव्हारच्या मैदानात जिवा सगळ्यांच्या कितीतरी पुढे पोचला, निशाणाच्या खांबाला हात लावला आणि वळून घरी निघाला. लोक ओरडत होते. ते आपले कौतुक करतायत असे त्याला वाटले. पागोटे अखेर दुसऱ्या नंबरच्या डोक्यावर गेले. तो खांबाशीच आडवा झाला होता, त्यामुळे बांधायला सोपा पडला.

सांज कलताना जिवा अंगणात शिरला आणि गर्दीतून थेट दोरीपाशी गेला. दोरीवर एकही गाठ नव्हती.

"म्हंजे मी कधी धावलोच नाय," तो खचून म्हणाला आणि पुन्हा घाटाकडे वळला.

देवरामने त्याचा हात धरला. "आता कुठं पळतोस जावई? लगीन कोनाचा हाय, ते तरी सांग."

मग सगळा उलगडा झाला. सासरा खाली बघू लागला. खांबाला हात लावून आपण तसेच परतलो आणि नोकरी गेली, हे जिवाच्या तेव्हा लक्षात आले, आणि तो ओटीवर बसून सरळ रडू लागला. जिजाने त्याच्यासमोर भाकरी ठेवली. गाठ नसताना.

तेवढ्यात संस्थानचा स्वार आला. घोडा फेसाळलेला होता. घाटभर हाका मारल्या तरी हा थांबला नाही, अशी त्याने आधी तक्रार केली. मग थैली आणि घुंगरांची काठी जिवापुढे ठेवली.

"पागोटं दुसऱ्याला दिलंय," तो म्हणाला. "पन कारभारी म्हनतात, पोचून पडनारा काय कामाचा? टपालाला परत येनारा मानूस पायजे."

ढोल वाजायला लागला. देवरामने डोळे पुसले, धोतर झटकले आणि हळूच लेकीला विचारले, "मंग जेवन हाय ना?"