तळघरातला दांडा

शेजारच्या मायरन बोडनारनं मला त्याची नवी भट्टी बघायला बोलावलं, तेव्हाच डोकं दुखतंय म्हणून सांगायला हवं होतं. पण विनिपेगमध्ये थंडीच्या तोंडावर कुणी घर तापवायची नवी भट्टी घेतली की ती बघून यावंच लागतं. मायरन म्हणाला, ब्याण्णव टक्के, म्हणजे फक्त आठ टक्के ऊब वाया. मी छान छान म्हणालो आणि फाटक ओलांडेपर्यंत ठरवून टाकलं की आपण शहाण्णववाली घ्यायची. (मी नगरपालिकेत पाणीपट्टीच्या खात्यात कारकून आहे. टक्केवारी दिसली की माझा तोल जातो.)

आमचं घर १९१२ सालचं. भट्टीही जवळपास त्याच वयाची. तळघराच्या मधोमध उभं असलेलं पत्र्याचं धूड, आणि त्यातून जाडजूड नळ वर खोल्याखोल्यांत गेलेले. आधी ती कोळशावर चालायची, मग गॅसवर. शेजारच्या भिंतीवर पाच खाचांचा एक लोखंडी दांडा होता आणि त्याची साखळी भट्टीच्या पोटात गेलेली होती. तो दांडा माझा होता.

त्याचं काय आहे, आमच्या घरात मला काहीच येत नाही असं सर्वांचं मत आहे. माझे सासरे प्रोकिप (आम्ही सगळे त्यांना तातो, म्हणजे युक्रेनीत बाबा, म्हणतो) रेल्वेच्या कारखान्यात सुतार होते. मी खिळा ठोकायला घेतला की ते मुकाट्यानं माझ्या हातातून हातोडा काढून घेतात. बायको दार्का त्यांचीच मुलगी. पण भट्टीला दोघं कधी हात लावत नसत. रोज संध्याकाळी सातला दार्का म्हणायची, "ओरेस्ट, भट्टी बघून येतोस?" मी खाली जायचो, थंडीच्या अंदाजानं दांडा एखादी खाच वरखाली करायचो आणि भट्टी स्थिरावेपर्यंत अर्धा तास तिथल्या खुर्चीत बसायचो. उबेत, बिअरची बाटली घेऊन. बावीस वर्षांत घरात कुणी गारठलं नाही. (दिवाणखान्याच्या भिंतीवर तापमानाची एक तबकडीही होती. ती मी शोभेची समजत असे.)

ही विद्या मला सुखासुखी मिळालेली नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्याच नाताळात, १९७५ साली (आमचा युक्रेनी नाताळ सात जानेवारीला असतो), मी दांडा असा काही आवळला की धुराड्याचं तोंड बंद झालं, आणि बारा पदार्थांनी भरलेलं टेबल सोडून सगळं कुटुंब उणे बत्तीसमध्ये फाटकाशी जाऊन उभं राहिलं. सासूबाई माझ्याकडे पाठ करून बर्फाशी काहीतरी बोलत होत्या. सण संपल्यावर तातो एकटेच तळघरात उतरले, दुपारभर खुडबुड केली आणि मग मला खाली बोलावलं. "आता ओढून बघ. जड लागतंय ना? असंच बेतानं ओढायचं." त्या दिवसापासून माझा हात बसला.

तर नवी भट्टी. पहिला विक्रेता ऐंशी टक्केवाली घ्या म्हणाला, त्याला मी चहाही विचारला नाही. दुसरी आली सिग्रून थॉर्लाक्सन नावाची बाई. तिनं दोन तास खिडक्या मोजल्या, भिंतींवर टकटक केलं, माळ्यावर चढून आली. मी सर्वांत मोठी मागितली. ती म्हणाली, "मोठी घेतलीत तर दर पाच मिनिटांनी पेटेल आणि विझेल. आधी माळ्यात ऊब अडवणारं अस्तर भरून घ्या, मग लहान पुरेल." मी तिला सांगितलं की जुनीचे पंचावन्न टक्के आहेत तेसुद्धा माझ्या हातामुळे. तिनं दांड्याकडे पाहिलं, साखळीकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

नव्या भट्टीला दांडा कुठे असतो, असं मी सहज विचारलं. तिला कुणी बघावं लागत नाही, सगळं आपोआप होतं, असं उत्तर आलं. मी बाहीनं दांड्यावरची धूळ पुसली. पण शहाण्णव टक्के होते. गंमत म्हणजे जुनी असू दे, अजून दोन हिवाळे निघतील, असं दार्का आणि तातो दोघंही म्हणत होते. त्या दोघांचं इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी हट्टानं सही केली.

काढायच्या दिवशी सिग्रूननं भट्टीचा पत्रा उघडला आणि मला हाक मारली. साखळी आत एका कप्पीवरून खाली आली होती आणि तिच्या टोकाला तारेनं बांधलेली अर्धी वीट लोंबत होती. विटेवर सुतारी पेन्सिलीनं तारीख होती, १० जानेवारी १९७५.

"ही साखळी कशाला जोडलेली होती?" मी विचारलं.

"विटेला," सिग्रून म्हणाली.

मी वर गेलो. दार्का पीठ लाटत होती. तातो खिडकीबाहेर असं काही पाहू लागले की जणू तिथे प्रथमच बर्फ पडलाय.

"तुला माहीत होतं?"

"आईलाही माहीत होतं."

"मग रोज सातला मला खाली कशाला पाठवायचीस?"

"तेवढा अर्धा तास तुझा बरा जायचा," ती म्हणाली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवायला पुढे झालो. मग तिनं लाटणं ठेवलं. "आणि आमचाही."

मी दोन दिवस कुणाशी बोललो नाही. नवी भट्टीही बोलत नव्हती, इतकी ती चांगली. तिसऱ्या दिवशी सातला मी दिवाणखान्यात बसलो आणि एका बेकरीच्या चुकलेल्या पाणीबिलाचं प्रकरण मुळापासून सांगायला घेतलं. वीस मिनिटांनी तातो कोट चढवून बर्फ उपसायला गेले. सकाळीच उपसला होता.

दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलो तर तळघराच्या भिंतीवर दांडा परत बसलेला होता. साखळी, कप्पी, वीट, सगळं आता भिंतीलाच टांगलेलं, खिळे ओळंब्यात. सातला दार्कानं हाक मारली. आता तिथे ऊब वाया जात नाही, त्यामुळे मी ओव्हरकोट आणि कानटोपी घालून बसतो. बिअर आपोआप गार राहते.

परवा रागानं दांडा एकदम चौथ्या खाचेवर ठेवला आणि वर आलो. तातोंनी स्वेटरची वरची दोन बटणं काढली. "आज जरा जास्तच उकडतंय, नाही का?" ते म्हणाले.

मी लगेच खाली जाऊन तो एक खाच कमी करून आलो.