गादीखालची सात मिनिटं

गेल्या शनिवारी सकाळी साडेदहाला सुमन शेलार यांनी ऑकलंडच्या पेनरोज भागातल्या एका जुन्या कॅम्परच्या गादीखाली डोकं घातलं आणि सात मिनिटं बाहेर काढलं नाही. वेळ मी घड्याळात पाहिली; बातमीदाराची सवय.

यूटच्या, म्हणजे इथल्या छोट्या ट्रकच्या, मागच्या हौद्यावर बसवायची छोटी खोली म्हणजे कॅम्पर. आत पलंग, शेगडी, बेसिन. उन्हाळ्यात न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जायचं म्हणून तो मला घ्यायचा होता. ऑकलंडमधली आमच्या ओळखीची मराठी मंडळी जुना कॅम्पर घेण्याआधी सुमन सिस्टरांना दाखवतात. सिस्टर मूळच्या साताऱ्याच्या, माउंट रॉस्किलला एकट्या राहतात. इथल्या हॉस्पिटलात छातीच्या वॉर्डात बावीस वर्षं काढून निवृत्त झाल्या, पण तपासायची सवय निवृत्त झाली नाही.

कॅम्परची भिंत त्या छातीसारखी तपासतात. डाव्या हाताचं मधलं बोट भिंतीवर टेकवायचं आणि उजव्या बोटानं त्यावर ठोकायचं. कोरडी भिंत खणखणते. ओल धरलेली थपथप करते. गंजाला त्या "त्वचारोग" म्हणतात, ओलीला "आतलं दुखणं". प्रत्येक कॅम्परचा केसपेपर होतो: तक्रार, कधीपासून, सोबतचे नातेवाईक, निर्णय. असे चौदा कागद त्यांच्या फायलीत आहेत आणि चौदांवर निर्णय एकच, "घेऊ नये". एका इंजिनिअरनं सेकंड ओपिनियन मागितलं होतं. सिस्टरांनी गाडीभोवती आणखी एक फेरी मारली आणि तोच निर्णय पुन्हा सांगितला.

विकणारे केन ऐंशीचे. पायात जँडल्स, म्हणजे रबरी चपला, हातात चहाचा थर्मास. त्यांची बायको, मार्ग नावाची, गेल्या वर्षी वारली. पुढच्या आठवड्यात ते लोअर हट शहरात मुलीकडे कायमचे जाणार होते.

"आज गेला नाही, तर सोमवारी भंगारवाला नेणार," ते म्हणाले. "पण छत बघा. सांधे दर उन्हाळ्यात मी स्वतः बुजवले. मार्ग म्हणायची, एक थेंब नाही."

"कधीपासून आहे तुमच्याकडे?" सिस्टरांनी पेन काढलं.

"एकोणीस वर्षं. आतलं सगळं तीच बघायची. पलंगाला तर मला हात लावू द्यायची नाही."

सिस्टर चपला काढून आत गेल्या. कॅम्पर ज्यांवर उभा होता ते खालचे पाय, कडा, कोपरे ठोकून झाले. मग गादी. सात मिनिटांनी त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांची पिशवी फुगलेली होती.

वाईट बातमी उभ्यानं सांगायची नाही, हा वॉर्डातला त्यांचा नियम. त्यांनी केनना पायरीवर बसवलं, शेजारी स्वतः बसल्या आणि चहा मागितला.

"साखर?"

"नको. सवय गेली."

दोन घोट झाल्यावर त्या म्हणाल्या, "पलंगाच्या कोपऱ्यात ओल आहे. लाकूड मऊ पडलंय."

केननी कप खाली ठेवला. "कधीपासून?"

हा प्रश्न नेहमी सिस्टर विचारतात. त्यांनी चहाचा आणखी एक घोट घेतला.

"अलीकडचं आहे. वर्षभर बंद होता ना कॅम्पर. खिडकीचं रबर सुकलंय. छत बरं आहे तुमचं."

"म्हणजे मार्ग होती तेव्हा..."

"तेव्हा एक थेंब नाही."

"स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत 'झकास', केन म्हणाले आणि कप पुन्हा उचलला.

गाडीत बसल्यावर सिस्टरांनी पिशवी उघडली. आत तीन निळे टॉवेल, घट्ट गुंडाळ्या केलेले, कडांना पाण्याचे पिवळे डाग.

"अहो रिपोर्टर, छत पहिल्यापासून गळतंय. ती बाई हे कोपऱ्यात दाबून ठेवायची. बदलायची, वाळवायची. बोलली नाही."

"मग तुम्ही खोटं का सांगितलंत?"

"आमचे हे चहा करायचे. साखर टाकायला विसरायचे. सव्वीस वर्षं मी गोड म्हणून प्यायले." त्यांनी पट्टा लावला. "तुम्ही घेऊ नका हं हा कॅम्पर. खालून पाय बरे आहेत, पण आतून गेलाय. चला."

मी घेतला नाही.

सोमवारी भंगारवाला आला नाही. त्या दुपारी तो कॅम्पर सिस्टरांच्या ड्राइव्हवेत चार पायांवर उभा होता, छतावर ताडपत्री. पंधराव्या केसपेपरवर नातेवाईकांच्या रकान्यात "केन" लिहिलेलं आहे. निर्णयाच्या रकान्यात "दाखल".

बुधवारी केनचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. कॅम्पर कसा आहे, असं ते विचारत होते.

"स्टेबल," सिस्टर म्हणाल्या.

केसपेपरवर टॉवेलांची नोंद नाही. ते तिन्ही त्या दिवशी धुऊन मागच्या दोरीवर वाळत घातलेले होते.